कळफलकावरील मराठी अक्षरे : मांडणी, खुणा आणि वर्गातील उपयोग

आपल्या प्राथमिक शाळांतून संगणक आता अपूर्वाईची वस्तू राहिलेला नाही. कोठे शासकीय योजनेतून, कोठे लोकवर्गणीतून, तर कोठे माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून एखाददुसरा संगणक शाळेत आलेला असतो. परंतु या यंत्रावर मराठी लिहिण्याची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी गाडे अडते. कळांवर इंग्रजी अक्षरेच तेवढी छापलेली असतात, आणि मुलांची अशी समजूत होते की हे यंत्र मुळी इंग्रजीचेच आहे.

प्रस्तुत लेखकास एका शाळेत जो अनुभव आला, तो येथे सांगणे उपयुक्त ठरेल. त्या शाळेतील शिक्षकांनी हौसेने बाजारातून मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आणून कळांवर लावल्या होत्या. चौथीतील एका मुलीस स्वतःचे नाव लिहिण्यास सांगितले. तिने खूण पाहून काना असलेली कळ दाबली, तो पडद्यावर भलतेच व्यंजन उमटले. तिने ते पुसले, पुन्हा तीच कळ दाबली, पुन्हा तेच झाले. तीन-चार वेळा असे झाल्यावर ती मुकाट्याने उठली आणि "गुरुजी, मला नाही येत" एवढे बोलून आपल्या जागी जाऊन बसली. पाहणी करता असे दिसून आले की पट्ट्या जुन्या टंकलेखनयंत्राच्या मांडणीप्रमाणे छापलेल्या होत्या, आणि संगणक मात्र निराळ्या मांडणीवर ठेवलेला होता. चूक पट्टीची होती; मुलीने ती स्वतःची मानली. असा प्रसंग आपल्या शाळेत येऊ नये, म्हणून कळफलकाची मांडणी कशी असते, खुणा कशा कराव्यात आणि या साधनाचा भाषेच्या तासास कसा उपयोग करून घ्यावा, याचा विचार या लेखात केला आहे.

१. कळ, खूण आणि आराखडा

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी. कळेला आपल्यावर कोणते अक्षर छापले आहे याची काहीच कल्पना नसते. कळांच्या खाली उभ्या-आडव्या तारांचे जाळे असते. कळ दाबली की एक उभी व एक आडवी तार जोडली जाते. कळफलकातील लहानशी चकती ती जागा ओळखते आणि त्या जागेचा क्रमांक संगणकाकडे पाठविते. संगणकात एक कोष्टक साठविलेले असते. अमुक क्रमांकाच्या कळेस अमुक अक्षर, असे त्यात लिहिलेले असते. या कोष्टकास आपण आराखडा म्हणू. इंग्रजी आराखडा निवडला असता जी कळ 'के' हे अक्षर देते, तीच कळ मराठी आराखडा निवडला असता 'क' देते. कळ बदललेली नसते, कोष्टक बदललेले असते.

गावातील घरांची उपमा येथे चपखल बसते. घराची जागा कायम असते. दारावरची पाटी कोणीही बदलू शकतो. पाटीवर एक नाव आणि घरात दुसरे कुटुंब असले, तर पत्र घेऊन आलेला पोस्टमन गोंधळात पडतो. वरील प्रसंगातील मुलीची अवस्था नेमकी अशीच झाली होती. तात्पर्य, खूण ही केवळ पाटी आहे. ती आराखड्याशी जुळली तर साहाय्यक, न जुळली तर ती नसलेली बरी.

२. निरनिराळ्या भाषांची सोय

इंग्रजी कळफलकाची आजची मांडणी टंकलेखनयंत्राकडून आलेली आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी ख्रिस्तोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांनी १८६८ साली आपल्या यंत्राचे एकस्व मिळविले; १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून या मांडणीस 'क्वर्टी' असे नाव पडले. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ही मांडणी केली, असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि अभ्यासकांचे याबाबत एकमत नाही. १८७८ साली आलेल्या यंत्रात 'शिफ्ट' कळेची योजना झाली आणि एकाच कळेवर दोन अक्षरे बसविणे शक्य झाले. आपल्या लिपीच्या दृष्टीने ही योजना किती मोलाची ठरली, ते पुढे दिसेलच.

इतर देशांनी ही मांडणी आपापल्या गरजेप्रमाणे बदलून घेतली. जर्मन भाषेत 'झेड' पुष्कळ वेळा येतो आणि 'वाय' क्वचित. म्हणून जर्मनांनी त्या दोहोंच्या जागांची अदलाबदल केली. फ्रान्समधील कळफलकाची पहिली दोन अक्षरे 'ए' आणि 'झेड' अशी आहेत. जपानी कळफलकावर एकाच कळेवर रोमन अक्षर आणि जपानी काना लिपीतील अक्षर अशा दोन्ही खुणा असतात. कोरियाच्या प्रचलित मांडणीत व्यंजने डाव्या हातास आणि स्वर उजव्या हातास दिलेले आहेत. म्हणजे आपल्या लिपीस अनुरूप मांडणी करून घेणे आणि तिच्या खुणा कळांवर छापणे, ही जगभर रूढ असलेली रीत आहे. आपण तसे केले तर त्यात काही जगावेगळे करीत नाही.

३. टंकलेखनयंत्राकडून संगणकाकडे

देवनागरी टंकलेखनयंत्रे आपल्या कचेऱ्यांतून अनेक दशके चालली. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात टंकलेखनयंत्रे तयार करण्यास प्रारंभ केला, आणि पुढे मराठी टंकलेखन शिकविणाऱ्या संस्था तालुक्याच्या गावोगावी निघाल्या. परंतु या यंत्राची एक अडचण होती. त्यावर चिन्हांची संख्या मर्यादित असल्याने पुष्कळ अक्षरांची केवळ अर्धी आकृती कळेवर असे. तिला काना जोडला म्हणजे अक्षर पुरे होई. शिवाय अक्षरे कागदावर ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने कळा दाबाव्या लागत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' मागाहून. यंत्र आकृती जोडीत असे. उच्चाराशी त्याला कर्तव्य नव्हते.

संगणकाच्या बाबतीत निराळा मार्ग मोकळा होता. अक्षराची आकृती घडविण्याचे काम संगणक स्वतः करू शकतो. त्याला केवळ कोणते वर्ण कोणत्या क्रमाने आले एवढे सांगितले म्हणजे पुरते. या तत्त्वावर भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी एक समान आराखडा निश्चित केला. त्याचे नाव 'इन्स्क्रिप्ट'. १९८८ साली त्यात सुधारणा झाली, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने वर्णसंकेतांच्या आय.एस. १३१९४ या मानकात त्याचा समावेश केला. वाढीव चिन्हांसह सुधारलेल्या आराखड्याचे मानक २०१६ साली निघाले. आज विंडोज, लिनक्स इत्यादी सर्व प्रमुख संगणक-प्रणालींत हा आराखडा मुळातच समाविष्ट असतो. त्यासाठी पैसा खर्च करावा लागत नाही.

४. वर्णमाला आणि इन्स्क्रिप्ट

इन्स्क्रिप्टची मांडणी पाहिली की पहिलीच्या वर्गास वर्णमाला शिकविणाऱ्या शिक्षकास ती ओळखीची वाटेल. कळफलकाचे मधोमध दोन भाग कल्पावेत. डाव्या भागात स्वर व स्वरचिन्हे, उजव्या भागात व्यंजने, अशी ढोबळ वाटणी आहे.

डावा भाग प्रथम घेऊ. 'ए' पासून सुरू होणाऱ्या इंग्रजी मधल्या ओळीत डावीकडून अनुक्रमे काना-मात्रा, एक मात्रा, हलन्त चिन्ह, पहिली वेलांटी आणि पहिला उकार ही चिन्हे आहेत. त्यांच्या बरोबर वरच्या ओळीत त्याच क्रमाने काना-दोन मात्रा, दोन मात्रा, काना, दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार. शिफ्ट कळ दाबून धरली असता त्याच जागी पूर्ण स्वर मिळतात : खाली ओ, ए, अ, इ, उ, वर औ, ऐ, आ, ई, ऊ. अ-आ, इ-ई, उ-ऊ या जोड्यांतील ऱ्हस्व खाली आणि दीर्घ त्याच्या डोक्यावर, अशी ही रचना आहे. ए-ऐ, ओ-औ यांस ऱ्हस्व-दीर्घाचा नियम लागू नसला तरी त्यांच्या जोड्याही अशाच एकावर एक आहेत.

आता उजवा भाग. मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. वरच्या ओळीत ब, ह, ग, द, ज, ड. 'र' आणि 'ह' बाजूस ठेवून पाहावे : 'प' च्या वर 'ब', 'क' च्या वर 'ग', 'त' च्या वर 'द', 'च' च्या वर 'ज', 'ट' च्या वर 'ड'. खालच्या ओळीत अघोष वर्ण, वरच्या ओळीत त्यांचेच घोष सोबती. आणि शिफ्ट कळ दाबली की प्रत्येक अल्पप्राणाचा महाप्राण होतो : क चा ख, ग चा घ, च चा छ, ज चा झ, ट चा ठ, ड चा ढ, त चा थ, द चा ध, प चा फ, ब चा भ. पाच वर्गांतील वीस व्यंजने अवघ्या दहा कळांत बसली. 'ख' म्हणजे 'क' ला दिलेला श्वासाचा जोर, हे आपण मुलांना तोंडापुढे तळहात धरावयास सांगून शिकवितो; येथे तो जोर शिफ्ट कळ देते.

सर्वांत खालच्या ओळीत अनुस्वार, म, न, व, ल, स आणि य आहेत. शिफ्टसह 'म' च्या कळेवर 'ण', 'ल' च्या कळेवर 'ळ' आणि 'स' च्या कळेवर 'श' मिळतो. 'ष' ची जागा 'स' च्या शेजारी, स्वल्पविरामाच्या कळेवर शिफ्टसह आहे. 'र' च्या कळेवर शिफ्टसह ऱ मिळतो. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

ही मांडणी केवळ मराठीपुरती नाही. कन्नड, तेलुगू, गुजराती, बंगाली या लिप्यांसाठीही वर्ण त्याच जागी आहेत. सांगली जिल्ह्यातील जत किंवा सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट या तालुक्यांत मराठी व कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. तेथील मुलाने मराठी 'क' ची जागा शिकली, की कन्नड 'क' ची जागा त्याला वेगळी शिकावी लागत नाही.

५. शब्द कसा लिहावयाचा

नियम एकच : जसा उच्चार तसा क्रम. 'किती' हा शब्द लिहिताना क, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी या क्रमाने कळा दाबाव्यात. वेलांटी पडद्यावर आपोआप 'क' च्या आधी जाऊन बसते. 'शाळा' या शब्दास शिफ्टसह स, काना, शिफ्टसह ल, काना. 'कृषी' या शब्दातील ऋकाराचे चिन्ह अंकांच्या ओळीत उजवीकडे, बरोबरच्या चिन्हाच्या कळेवर आहे.

जोडाक्षरासाठी पहिल्या व्यंजनाचा पाय मोडावयाचा, म्हणजे त्यानंतर हलन्त चिन्ह द्यावयाचे आणि मग पुढील व्यंजन लिहावयाचे. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या : व, पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. दहा आघातांत शब्द पुरा झाला. येथे रफार कागदावर 'थ' च्या डोक्यावर दिसतो, पण लिहिताना 'र' आधी येतो; कारण उच्चारात तो आधीच आहे. रफार कोठे द्यावा याबद्दल मुलांची जी नेहमी चूक होते, तिच्यावर हा उत्तम उपाय आहे. त्याचप्रमाणे क्ष म्हणजे क, हलन्त, ष; ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ; त्र म्हणजे त, हलन्त, र. जोडाक्षराची फोड फळ्यावर करून दाखविण्याऐवजी मूल ती बोटांनीच करते.

मराठीचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दुसऱ्या शब्दात रफार नाही, तर 'र' चे अर्धे आडवे रूप आहे. यासाठी साध्या 'र' ऐवजी शिफ्टसह मिळणारा ऱ, त्यानंतर हलन्त आणि मग 'य' लिहावा. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांनी', 'पायऱ्या' हे शब्द आपल्या नित्याच्या लेखनात येतात. तेव्हा ही कळ शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

६. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याविषयी

आज पुष्कळ जण भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरे दाबून मराठी लिहितात. प्रौढ माणसास घाईच्या कामात ही सोय वाटते, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या वयात मूल आपली लिपी शिकत असते, त्या वयात ही रीत हानिकारक ठरते. रोमन लिपीत ल आणि ळ यांस एकच अक्षर, न आणि ण यांस एकच, त आणि ट यांस एकच, द आणि ड यांसही एकच. 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'मन' आणि 'मण' हे शब्द रोमन लिपीत सारखेच दिसतात. मग यंत्र दोन-तीन शब्द पुढे करते आणि मूल त्यांतून एक निवडते. ज्याला शुद्ध शब्द ठाऊक आहे तो योग्य निवड करील. ज्याला तो अजून शिकावयाचा आहे त्याच्यापुढे मात्र यंत्र शिक्षकाची जागा घेते, आणि विचार न करता उत्तर देते.

इन्स्क्रिप्टमध्ये पहिली वेलांटी की दुसरी, ल की ळ, हा निर्णय दर वेळी मुलास स्वतः करावा लागतो. आरंभी त्याची गती मंद राहील. पण शुद्धलेखनाच्या दृष्टीने ती मंद गतीच हितकर आहे.

७. खुणा करण्याच्या पद्धती

कारखान्यात कळांवर अक्षरे मुख्यतः चार प्रकारे उमटवितात. पहिला प्रकार शाईने छापण्याचा. हा स्वस्त असतो, परंतु घामाने व घर्षणाने अक्षर लवकर पुसते. दुसऱ्या प्रकारात लेसर किरणांनी प्लॅस्टिकचा पृष्ठभाग भाजून अथवा कोरून अक्षर काढतात. ते छपाईपेक्षा अधिक टिकते. तिसऱ्या प्रकारात उष्णतेने रंग प्लॅस्टिकच्या आत मुरवितात. यासाठी कळ फिकी आणि अक्षर गडद असावे लागते. चौथ्या प्रकारात अक्षर आणि कळ निरनिराळ्या रंगांच्या दोन प्लॅस्टिकांतून साच्यात ओतून काढतात. असे अक्षर कळ झिजेपर्यंत पुसत नाही. पण ही पद्धत महाग पडते. नवा कळफलक खरेदी करण्याचा योग आल्यास मराठी अक्षरे छापलेला मागावा आणि ती अक्षरे नखाने खरवडून पाहावीत.

परंतु बहुतेक शाळांपुढील प्रश्न असलेल्या कळफलकावर खुणा कशा कराव्यात हा आहे. त्यासाठी पुढील उपाय आहेत.

(अ) तयार चिकटपट्ट्या. पारदर्शक पट्टीवर मराठी अक्षरे छापलेली असतात, त्यामुळे खालचे इंग्रजी अक्षर झाकले जात नाही. विकत घेताना पट्टी इन्स्क्रिप्टची आहे, टंकलेखनयंत्राच्या मांडणीची नाही, याची खात्री करून घ्यावी. ओळखण्याची सोपी युक्ती अशी : इंग्रजी 'के' च्या कळेवर 'क', 'जे' च्या कळेवर 'र', 'सी' च्या कळेवर 'म' आणि 'ई' च्या कळेवर काना असेल तर ती पट्टी इन्स्क्रिप्टची. या चार खुणांपैकी एकही चुकली तर पट्टी परत करावी.

(आ) हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. कळांच्या मध्यांतील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते; वरची सपाट जागा त्याहून बरीच लहान असते. म्हणून चिठ्ठी ११ ते १२ मिलिमीटरांहून मोठी कापू नये. न पसरणाऱ्या शाईने अक्षर लिहावे आणि वर पारदर्शक चिकटफीत लावावी. चिठ्ठी लावण्यापूर्वी संगणक बंद करावा आणि कळ किंचित ओलसर फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. उन्हाळ्यात चिकटफितीचा डिंक पाघळतो व कडांना धूळ धरते. यास्तव दर सत्राच्या आरंभी चिठ्ठ्या बदलाव्यात. काना आणि हलन्त या कळा सर्वांत अधिक वापरल्या जातात. त्यांच्या दोन-दोन चिठ्ठ्या अधिक तयार ठेवाव्यात.

(इ) भिंतीवरील तक्ता. संपूर्ण आराखडा मोठ्या पुठ्ठ्यावर काढून संगणकाजवळ टांगावा. स्वर एका रंगात, व्यंजने दुसऱ्या रंगात दाखवावीत. कळांवर काहीही न चिकटविता काम भागते. सर्व उपायांत हा स्वस्त आणि टिकाऊ आहे.

(ई) पडद्यावरील कळफलक. बहुतेक संगणकांत कळफलकाचे चित्र पडद्यावर आणण्याची सोय असते. मराठी आराखडा निवडलेला असताना त्या चित्रातही मराठी अक्षरे दिसतात. खूण आणि आराखडा जुळतात की नाही, हे तपासण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

खुणा करताना जागांचा एकच नियम पाळावा. इंग्रजी अक्षर कळेच्या डाव्या बाजूस असते. मराठी अक्षरे उजव्या बाजूस घ्यावीत : साधे दाबले असता येणारे अक्षर खाली, शिफ्टसह येणारे वर. सर्व मराठी खुणांचा रंग एकच ठेवावा. जुन्या खुणांत 'ए' वर चंद्र दिलेले रूप आढळते. मराठीत आपण 'अ' वर चंद्र देऊन ॲ लिहितो. या स्वरास युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले आहे. आपल्या संगणकावर कोणत्या कळेने कोणते रूप उमटते ते पाहून मगच तेथे खूण करावी.

आणखी एका खुणेकडे लक्ष वेधावयाचे आहे. इंग्रजी 'एफ' व 'जे' या दोन कळांवर बोटास लागेल असा लहानसा उंचवटा असतो. डाव्या व उजव्या तर्जनीने आपापली जागा न पाहता ओळखावी, हा त्याचा हेतू. इन्स्क्रिप्टमध्ये या कळा म्हणजे पहिली वेलांटी आणि 'र'. ज्या मुलांना दृष्टी कमी आहे, त्यांना हे उंचवटे विशेष उपयोगी पडतात. शाईची खूण डोळ्यांसाठी आहे. ही खूण बोटांसाठी आहे, आणि अभ्यास वाढला की शेवटी हिचाच उपयोग होतो.

८. वर्गातील उपक्रम

शाळेत संगणक एक आणि मुले चाळीस, त्यातही वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, ही आपली नेहमीची परिस्थिती. तेव्हा पुढील उपक्रम संगणकावाचूनही करता येण्याजोगे आहेत.

पहिला उपक्रम, पुठ्ठ्याचा कळफलक. प्रत्येक मुलाने जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर तीन ओळींत कळा आखून अक्षरे लिहावीत. शिक्षकांनी शब्द सांगावा आणि मुलांनी त्याच्या कळा क्रमाने दाबण्याचा सराव करावा.

दुसरा उपक्रम, अंगणातील कळफलक. शाळेच्या अंगणात खडूने किंवा चुन्याच्या फक्कीने मोठे चौकोन आखून त्यांत अक्षरे लिहावीत. एक मूल स्वरांच्या बाजूस, दुसरे व्यंजनांच्या बाजूस उभे राहील. शब्द पुकारला की दोघांनी क्रमाने लंगडी घालीत आपापल्या घरात उतरावे. महाप्राण आला तर दोन्ही पाय टेकावेत. तीच शिफ्ट कळ. जोडाक्षर आले की स्वरांच्या बाजूच्या मुलाने हलन्ताच्या घरात उतरून यावे. 'विद्यार्थी' सारखा शब्द निर्वेधपणे पार पाडणारी जोडी जिंकली.

तिसरा उपक्रम, शुद्धलेखनाचा. रोज पाच शब्द फळ्यावर उच्चारक्रमाने फोडून लिहावेत आणि मुलांकडून ते जोडून घ्यावेत. ज्या दिवशी संगणक चालू असेल त्या दिवशी तेच शब्द मुलांनी यंत्रावर लिहून पाहावेत.

संगणकावर मराठी आराखडा बसविण्यासाठी सेटिंग्जमधील भाषेच्या भागात जाऊन 'मराठी' ही भाषा जोडावी. विंडोजमध्ये मराठीसाठी उच्चारानुसारी रोमन पद्धतीचाही एक कळफलक असतो. 'फोनेटिक' असे नाव असलेला तो कळफलक न निवडता साधा 'मराठी' कळफलक निवडावा. विंडोजचे चिन्ह असलेली कळ व स्पेस ही लांब कळ एकदम दाबली असता भाषा बदलते. मुलास यंत्रापुढे बसविण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः प्रत्येक कळ एकदा दाबून पाहावी. या कामास पाच मिनिटेही लागत नाहीत.

समारोप

लेखाच्या आरंभी ज्या मुलीचा उल्लेख केला, तिच्या शाळेतील चुकीच्या पट्ट्या त्याच दिवशी दुपारी काढून टाकल्या. मुख्याध्यापकांनी पुठ्ठ्यावर तक्ता करून संगणकामागे टांगला आणि कळांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. पुढील भेटीत त्या मुलीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गावाचे नाव अशा तीन ओळी लिहून दाखविल्या. गावाच्या नावात 'ळ' होता. तो उमटल्यावर तिने मागे वळून पाहिले, आणि मग पुढील अक्षर लिहिले.

ज्या मुलास आपली अक्षरे यंत्रावर सापडत नाहीत, ते मूल दोष स्वतःला देते. यंत्राला किंवा आपणा मोठ्यांना देत नाही. म्हणून ही जबाबदारी आपली आहे. वर्णमाला आपण शिकवीतच आहोत. तिच्या जागा कळफलकावर दाखवून देणे एवढेच काम उरले आहे, आणि त्यास एक पुठ्ठा, एक कात्री व थोडी शाई पुरेशी आहे. येत्या सत्रात प्रत्येक शाळेने निदान भिंतीवरील तक्ता तयार करावा आणि खुणा आराखड्याशी ताडून पाहाव्यात, अशी सर्व शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे.